फोटो नाही हो, चित्र आहे!

कुलकर्णी काकू बी ३०२: आज आयपॅडवर केलेलं चित्र टाकतेय, तांब्याचा तांब्या, दोन लिंबं आणि भरताचं वांगं. डिजिटल वॉटरकलर आहे बरं का

सावंत ए १०१: मस्त फोटो काकू 👌 पितांबरीने घासलाय वाटतं तांब्या

कुलकर्णी काकू: अहो सावंत फोटो नाही हो, चित्र आहे!!

पाटील सी ४०४: म्हणजे अ‍ॅपमध्ये फोटो टाकला की चित्र होऊन येतं तसं ना, आमच्या मुलीकडे पण आहे

कुलकर्णी काकू: नाही हो, कोरं पान असतं, काढायचं पण आपणच आणि रंगवायचं पण आपणच. सकाळपासून ओट्यावर मांडून ठेवलंय सगळं, ह्यांना सांगितलं भरीत रात्री. फ्रेस्को नावाचं अ‍ॅप आहे अडोबीचं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून फुकट केलंय त्यांनी, त्यातला लाइव्ह ब्रश खऱ्या पाण्यासारखा पसरतो, पिवळ्याला लागून निळा लावला की दोन्ही सरकत सरकत एकमेकांत शिरतात, नुसतं बघत बसावं

घोरपडे सर डी २०१: वहिनी, काम चांगलं आहे. तांब्याचं तोंड जमलंय पण बूड सपाट झालं. नजरेच्या खाली जितकं जाऊ तितकी गोलाई जास्त दिसते, म्हणजे बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त हवा. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत स्थिरचित्राला मुलं हमखास इथेच मार्क घालवायची. आणि वांग्यावरची चमक पांढरा रंग लावून दिलीत ना? जलरंगात पांढरा म्हणजे कागद, तो सोडायचा असतो

कुलकर्णी काकू: सर स्क्रीनवर कसला आलाय कागद, सोडलेला काय नि लावलेला काय, पांढरा तो पांढराच 😄

घोरपडे सर: झूम करून बघा. सोडलेल्या पांढऱ्याची एक कड कापल्यासारखी राहते आणि दुसरीकडून जांभळा हळूच आत येतो. तुमचा ठिपका चारी बाजूंनी सारखाच, टिकली लावल्यासारखा

निखिल बी ५०३: सरांना +१. आणि काकू सावली वेगळ्या लेयरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर घेतलीय ना, म्हणून ती चिकटवल्यासारखी दिसतेय, दोन लेयरमधले ओले रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कड विरघळायला हवी तर त्याच लेयरवर ओलं असतानाच लावा, कड कडक हवी तर नवीन लेयर घ्या आणि मल्टिप्लायवर ठेवा म्हणजे खालचा रंग दिसत राहतो, फक्त गडद होतो

सेक्रेटरी: बी विंगचं पाणी आज ४ ते ६ बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.

सावंत ए १०१: साहेब इथे पण पाण्याचंच चाललंय 😂

काटकर ताई ए ३०३: निखिल हे अँड्रॉइड टॅबवर चालेल का, आमचा एलिमेंटरीला बसतोय

निखिल: फ्रेस्को नाही चालणार ताई. क्रिता बघा, ते पण फुकट आहे, मोठ्या टॅबवर चालतं, पण रंग असा वाहत नाही त्यात

घोरपडे सर: ताई, परीक्षेला वस्तुचित्र कागदावरच काढायचं आहे. ब्रशमध्ये किती पाणी घ्यायचं ते टॅबवर नाही कळत, बादली आणि फडका घेऊन बसवा त्याला. वहिनी, अजून एक. तांब्याच्या पोटात लिंबाचा पिवळा उतरलेला दिसायला हवा, आत्ता नुसता तपकिरी आहे

कुलकर्णी काकू: पिवळा घातला, बूड गोल केलं, सावली पण ओल्यात केली, परत टाकलंय बघा. चमकेचं मात्र मला पटलं नाही, ती तशीच ठेवतेय

घोरपडे सर: ठेवा. पण मग पोस्टर कलर म्हणा, वॉटरकलर नको