लेंबास म्हणजे ख्रिस्तप्रसादच का?

राजारामपुरीतील वाचक
टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे आमच्या मित्रमंडळात सध्या सामूहिक वाचन चालू आहे. एल्फ या अमर वंशातील लोकांची पानात गुंडाळलेली लेंबास नावाची भाकरी म्हणजे कॅथलिकांचा ख्रिस्तप्रसादच, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी भाकरच होय, असे एकाने ठामपणे सांगितले. कादंबरीत चर्च नाही, धर्मगुरू नाही. मग हे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे?

करवीरकर
म्हणणे निराधार नाही. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते. आपली ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत व पुनर्लेखनात जाणीवपूर्वक, असे त्यांनी डिसेंबर १९५३ मध्ये रॉबर्ट मरे या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातील) मित्राला लिहिले होते. धर्माचे उघड उल्लेख आपण काढले, कारण धर्मतत्त्व कथेतच मुरलेले आहे, असेही त्याच पत्रात आहे.

मरणासन्न माणसाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकम’ म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी, आणि लेंबासचा अर्थही वाटेची भाकरी असाच आहे. जोतिबाला पायी जाताना शिदोरी बांधून घेणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. मात्र मला याहून मोलाचा वाटतो तो पुढचा तपशील: दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला मॉर्डॉर या शत्रूच्या देशाकडे जाताना फ्रोडो आणि सॅम हे नायक दुसरे काही न खाता केवळ लेंबासवर राहतात, तेव्हा तिची शक्ती वाढत जाते आणि पोटापेक्षा इच्छाशक्तीच पोसली जाते. टॉल्किन यांच्या तरुणपणी ख्रिस्तप्रसादापूर्वी मध्यरात्रीपासून निर्जळी उपवास पाळावा लागे, हे येथे आठवते. त्या अंगठीच्या मोहाने बिघडलेल्या गोलमला तर तो घास गिळवतच नाही.

शाहूपुरीकर
आमचे घराणे येथील प्रोटेस्टंट मंडळींपैकी, म्हणजे १८५२ मध्ये कोल्हापुरात आलेल्या रॉयल वाइल्डर यांच्या मिशनकार्यातून पुढे चालत आलेल्या परंपरेतले. आम्ही बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (ख्रिस्तप्रसादाचा आमच्याकडील विधी) हे दोनच संस्कार मानतो, कॅथलिक सात मानतात. त्यामुळे असेल, पण मला थोडे जपून बोलावेसे वाटते. फ्रोडोचा सहप्रवासी योद्धा बोरोमिर मरताना त्याच्याकडून अंगठी हिसकावू पाहिल्याची कबुली देतो आणि दुसरा सहप्रवासी आरागॉर्न त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो, या प्रसंगालाही अनेक जण पापनिवेदन म्हणतात. परंतु कॅथलिक मतानुसार पापमुक्ती धर्मगुरूच देऊ शकतो आणि आरागॉर्न राजा आहे. शिवाय रूपककथेची, म्हणजे कथेतील गोष्टींना ठरावीक दुसरा अर्थ देण्याची, नावड टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्टच सांगितली आहे.

करवीरकर
बोरोमिरविषयी आपले म्हणणे मान्य. लेंबासबाबतही ‘म्हणजे ख्रिस्तप्रसादच’ असा आग्रह मी धरणार नाही. शिदोरीवर मात्र ठाम आहे.