मदत हवी आहे: कूलर लावला की मॉनिटर काळा पडतो

यवतमाळकडच्या खेड्यातलं सेवा केंद्र. २४ इंची एलईडी मॉनिटर, एचडीएमआयवर. कूलरचा स्विच चालू-बंद केला की स्क्रीन क्षणभर काळी, मग आपोआप परत. सीपीयू चालूच असतो. व्होल्टेज १९० च्या वर, अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० चा, म्हणून लाइनवर संशय नाही. केबल आणि मॉनिटर बदलून झाले.

खरी गोम अर्थिंगची दिसते. न्यूट्रल ते अर्थ ३८ व्होल्ट, कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या. काळी माती, उन्हात अर्थिंगच्या खड्ड्याभोवती हात जाईल एवढ्या भेगा. मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं की चार दिवस बरं.

जागा भाड्याची, बोअर मारता येत नाही. अर्थची पिन काढा, हा सल्ला कृपया नको.

अशा भेगाळ मातीत बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलेली अर्थिंग उन्हाळाभर टिकते का? आणि तोवर कूलरच्या स्विचला स्नबर (स्विचची ठिणगी दाबणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा जोड) लावला तर निदान स्क्रीन जाणं थांबेल का?