मदत हवी आहे: संघाची नव्याने बांधणी चालू असताना ड्राफ्टमध्ये वर सरकावं का? (न्यूयॉर्क जेट्स)

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आमच्या मित्रमंडळात दरवर्षी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) ड्राफ्टआधी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीआधी, एक लुटुपुटूचा ड्राफ्ट होतो. प्रत्येक घराकडे एक संघ, आणि पिकची (निवडीच्या पाळीची) अदलाबदल करायला पूर्ण मोकळीक. आमच्याकडे जेट्स आहेत. रविवारपर्यंत एका प्रस्तावाला हो किंवा नाही कळवायचंय आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

प्रस्ताव असा: आमचा पहिल्या फेरीतला १६ वा पिक आणि दुसऱ्या फेरीतला डॅलसकडून आलेला पिक द्यायचा, बदल्यात ८ वा पिक मिळणार.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की हे आयपीएलच्या लिलावासारखं नाही. इथे बोली लागत नाही. कॉलेजातून येणारी मुलं संघ क्रमाने निवडतात, सर्वात वाईट खेळलेला संघ सर्वात आधी. पैशाने रांगेत पुढे जाता येत नाही. पुढे जायचं तर आपले इतर पिक, पुढच्या वर्षांचे पिक किंवा खेळाडू द्यावे लागतात.

जेट्सची परिस्थिती बहुतेकांना माहीत असेल. २०१० च्या मोसमानंतर प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही, लीगमधला हा सर्वात लांब दुष्काळ. २०२५ मध्ये ३-१४ (तीन विजय, चौदा पराभव). क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जस्टिन फील्ड्सला मोसमाच्या मध्यात बाकावर बसवलं. नोव्हेंबरमध्ये एकाच दिवशी बचावातले दोघं, सॉस गार्डनर इंडियानापोलिसला आणि क्विनन विल्यम्स डॅलसला दिला. दोघंही माझे आवडते, पण बदल्यात जे आलं ते भरघोस होतं. आता २०२६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत २ रा आणि १६ वा, दुसऱ्या फेरीत दोन, आणि २०२७ मध्ये पहिल्या फेरीचे तीन पिक आहेत.

आमच्या मुलाचं म्हणणं, ८ वर जाऊन ओहायो स्टेटचा रिसीव्हर (चेंडू झेलणारा) कार्नेल टेट घ्यायचा. गॅरेट विल्सन एका बाजूला, टेट दुसऱ्या बाजूला. ओलू फाशानू आणि अर्मांड मेंबू हे तरुण टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे) आधीच आहेत, म्हणजे पुढे जो कोणी क्वार्टरबॅक येईल त्याला घर तयार मिळेल. १६ पर्यंत टेट उरणार नाही, असं त्याला वाटतं आणि मलाही ते पटतं.

आकड्यांत पाहिलं तर जिमी जॉन्सन यांच्या, प्रत्येक पिकला गुण देणाऱ्या जुन्या तक्त्यात १६ ची किंमत १००० गुण आणि ८ ची १४००. फरक ४०० चा, म्हणजे बरोब्बर ५० व्या पिकाएवढा. डॅलसचा पिक चाळिशीतला असल्यामुळे आम्ही थोडं जास्तच देतोय, पण लुटल्यासारखं वाटावं इतकं नाही.

माझं मन अडतं ते २०१८ मुळे. तेव्हा जेट्स ६ वरून ३ वर गेले. इंडियानापोलिसला ६ वा, ३७ वा, ४९ वा आणि २०१९ चा दुसऱ्या फेरीचा पिक दिला आणि क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्डला घेतलं. तीन जागा वर चढायला दुसऱ्या फेरीचे तीन पिक! इंडियानापोलिसच्या कोल्ट्सनी ६ व्यावर क्वेंटन नेल्सन आणि ३७ व्यावर ब्रेडन स्मिथ घेतला, म्हणजे कित्येक वर्षांसाठी निम्मी ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी) उभी केली. इकडे डार्नोल्ड मोडक्या लाइनमागे तीन वर्षं मार खात राहिला. जेट्सकडून त्याची सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून कामगिरी १३-२५, आणि २०२१ मध्ये कॅरोलिनाला रवाना.

तोच डार्नोल्ड फेब्रुवारी २०२६ मध्ये सिएटलकडून सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. त्या रात्री मला आनंद झाला आणि खूप वाईटही वाटलं. खेळाडू ओळखण्यात जेट्स चुकले नव्हते. त्याच्याभोवती उभं करायला जे लागतं, तेच त्यांनी त्याला मिळवण्यासाठी देऊन टाकलं होतं.

म्हणून जाणकारांना विचारते:

क्वार्टरबॅक नसताना रिसीव्हरसाठी वर सरकणं योग्य आहे का? की वर सरकण्याची ताकद २०२७ च्या क्वार्टरबॅकसाठी राखून ठेवावी? यंदाचा इंडियाना विद्यापीठाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा तर लास व्हेगास पहिल्या पिकवर घेणार असंच सगळे धरून चाललेत, तिथे आपला हात पोचत नाही. आणि बांधणीच्या काळात वर सरकून खरंच भलं झालेल्या संघाचं उदाहरण कोणाला सांगता येईल का?

शार्लटकर

ताई, आमच्या कॅरोलिनाकडे बघा. २०२३ मध्ये ९ वरून १ वर गेलो. ९ वा, ६१ वा, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा, आणि वर डीजे मूर, म्हणजे संघातला एकमेव भरवशाचा रिसीव्हर. क्वार्टरबॅक ब्राइस यंग आला तेव्हा चेंडू फेकायचा कोणाकडे हाच प्रश्न होता. २-१५ झालो. शिकागोला दिलेला पुढच्या वर्षीचा पिक थेट पहिला निघाला आणि त्यांनी त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला.

बांधणीतल्या संघाचा खरा धोका हा आहे. चांगल्या संघाने पुढच्या वर्षीचा पिक दिला तर तो २५-३० वा असतो. आपण दिला तर तो कितवा निघेल याची धास्ती वर्षभर. तुमच्या प्रस्तावात पुढच्या वर्षीचं काही जात नाही, हे फार चांगलं आहे. त्यामुळे हा व्यवहार मला वाईट वाटत नाही, फक्त अनावश्यक वाटतो.

ह्यूस्टनवाला

उदाहरण आहे, आमचंच. टेक्सन्स २०२२ मध्ये ३-१३-१ होते. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये २ ऱ्यावर क्वार्टरबॅक सीजे स्ट्राउड घेतला आणि लगेच १२ वरून ३ वर जाऊन बचावातला विल अँडरसन. त्यासाठी १२ वा, ३३ वा आणि २०२४ चे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे पिक दिले, सोबत १०५ वा परत मिळाला. त्या मोसमात १०-७, डिव्हिजन (आपला गट) जिंकली, प्लेऑफचा सामनाही जिंकला.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. १२ वा पिक मुळात डेशॉन वॉटसनच्या बदल्यात क्लीव्हलंडकडून आलेला होता आणि पुढच्या वर्षीचा क्लीव्हलंडचा पिकही हातात होता, म्हणून स्वतःचा देणं परवडलं. ही गोष्ट तुमच्यासारखीच आहे. दुसरी नाही: क्वार्टरबॅक दहा मिनिटं आधी मिळालेला होता. अँडरसन ही त्यानंतरची खरेदी होती. तुम्ही क्रम उलटा करताय.

आणखी एक संघ बघा, बफेलो. २०१७ मध्ये त्यांनी १० वा पिक कॅन्सस सिटीला दिला (त्यावर पुढे गाजलेला क्वार्टरबॅक माहोम्स गेला, ते दुःख त्यांचं त्यांना), बदल्यात पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक घेतला. मग साठवलेल्या पिकच्या जोरावर २०१८ मध्ये आधी २१ वरून १२ आणि १२ वरून ७ वर सरकून क्वार्टरबॅक जॉश ॲलन घेतला. आधी साठवण, मग झेप. जेट्सची २०२७ ची तिजोरी त्यासाठीच आहे असं मला वाटतं.

आकडेमोड

मॅसी आणि थेलर या संशोधकांचा ड्राफ्टवरचा अभ्यास वाचा. एखाद्या खेळाडूची त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्यानंतर निवडल्या गेलेल्या पुढच्या खेळाडूशी तुलना केली, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के निघते. म्हणजे टेटसाठी दुसऱ्या फेरीचा पिक द्यायचा, तर १६ व्यावर मिळणाऱ्या पुढच्या रिसीव्हरपेक्षा टेट नक्की चांगला आहे ही खात्री तुम्हाला इतर ३१ संघांपेक्षा जास्त असायला हवी. शिवाय जॉन्सन यांचा तक्ता २०११ च्या वेतनकरारापूर्वीचा. आता दुसऱ्या फेरीतला खेळाडू चार वर्षं स्वस्तात मिळतो, त्यामुळे नव्या तक्त्यांत तुमचा चाळिशीतला पिक बराच महाग आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यूस्टनवाला यांचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. स्ट्राउड आधी, अँडरसन नंतर हा मुद्दा त्याला लगेच पटला. ५२ टक्क्यांवर मात्र तो अजून भांडतोय.

८ वा नाकारतोय. १६ व्यावर जो चांगला रिसीव्हर उरेल तो घेऊ, आणि डॅलसच्या पिकवर बचावातला खेळाडू. गार्डनर आणि विल्यम्स गेल्यावर तिथे भगदाडच आहे, ते मी टेटच्या नादात विसरले होते.

आता उलटा प्रश्न. आमच्या २ ऱ्या पिकसाठी कोणी विचारलं तर खाली सरकावं का? २०२५ मध्ये क्लीव्हलंडने २ रा देऊन जॅक्सनव्हिलकडून ५ वा, ३६ वा, १२६ वा आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक घेतला, सोबत १०४ वा आणि २०० वा दिला. तेवढं मिळालं तर हो म्हणायचं, असं माझं मत बनतंय. त्याहून कमीत कोणी सौदा कराल का, आणि किती कमीत?