थंडरबर्डमध्ये नेट नसताना मेलचा विषय दिसतो, मजकूर दिसत नाही

धडगाव_डोंगर
राम राम मंडळी. काम धडगावला, नेट भरवशाचं नाही. आठवड्यातून एकदा शहाद्याला उतरलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉपमध्ये मेल घेतो. थंडरबर्ड या लॅपटॉपवरच्या मेल-प्रोग्रामला जीमेल आयमॅपनं (मूळ मेल सर्व्हरवरच ठेवून प्रत दाखवायची पद्धत) जोडलंय. वर धडगावला आल्यावर यादी पूर्ण दिसते, पण मेल उघडली की मजकूर उतरवलेला नाही असा निरोप येतो. पीडीएफही उघडत नाही. एकूण मेल ६ जीबी, डेटा दिवसाला २ जीबी. काय चुकतंय?

तापीकाठ
भाऊ, यादी आली म्हणजे मेल आली असं नाही. आयमॅपमध्ये आधी फक्त हेडर (विषय, पाठवणारा, तारीख) येतात. मजकूर मागाहून, थंडरबर्ड रिकामं बसलेलं असताना हळूहळू उतरतो. तुम्ही अर्ध्या तासात लॅपटॉप मिटला की तो राहून जातो.

अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा. मेसेज या कॉम्प्युटरवर ठेवण्याची टिक हवी. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये फक्त इनबॉक्स आणि लागणारे फोल्डर ठेवा, 'ऑल मेल'ची टिक काढा. इनबॉक्समधलं सगळं तिथंही असतं. ६ जीबी ओढू नका, अलीकडचे ९० दिवस पुरेत. ठरावीक केबीपेक्षा मोठी मेल उतरवू नका, अशी एक टिक खाली आहे. ती चालू असेल तर पीडीएफवाल्या मेल नेमक्या मागे राहतात.

त्याच पानावर जुन्या मेल डिलीट करायचा पर्याय आहे. त्याला हात लावू नका! तो सर्व्हरवरची मूळ मेलही कायमची उडवतो. तिथे 'डोन्ट डिलीट एनी मेसेजेस' हेच राहू द्या.

मग शहाद्यात दर वेळी: आल्ट दाबून मेनू आणा, फाइल → ऑफलाइन → डाउनलोड/सिंक नाऊ. 'मेल मेसेजेस'वर टिक, आणि काम झाल्यावर ऑफलाइन जाण्याचीही. थंडरबर्ड आपोआप ऑफलाइन गेलं की उतरवणं संपलं. तिथेच सगळ्यात जड पीडीएफ उघडून बघा, मगच घाट चढा.

केळीबाग_रावेर
डेटाचा हिशोब धरा. मेलमध्ये जोडलेली फाइल पाठवण्यासाठी अक्षरांत बदलली (एन्कोड) जाऊन साधारण तिसऱ्या हिश्श्यानं फुगते. १२ एमबीची पीडीएफ १६ एमबी खाते. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायचं नेट) करा, नाहीतर अपडेटच डेटा संपवतात. २५ एमबीच्या वरची फाइल जीमेलमधून गूगल ड्राइव्हची लिंक म्हणून येते. ती सिंकमध्ये येत नाही, ब्राउझरनं वेगळी उतरवा.

धडगाव_डोंगर
टिक खरंच चालू होती, ५० केबीवर! वर धडगावला नेट नसताना उत्तरं लिहिली तर?

तापीकाठ
बिनधास्त लिहा. ऑफलाइन असताना पाठवलेली मेल 'लोकल फोल्डर्स'च्या (फक्त लॅपटॉपवर राहणारे फोल्डर) आउटबॉक्समध्ये थांबते. शहाद्याला ऑनलाइन झालात की पाठवू का विचारेल. नाही विचारलं तर फाइल मेनूत 'सेंड अनसेंट मेसेजेस'. 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये ड्राफ्ट लोकल फोल्डर्सवर वळवा, म्हणजे अर्धवट मजकुराला सर्व्हर लागत नाही. पाठवलेल्याची प्रत ठेवायची टिक काढा. जीमेल ती स्वतः ठेवतं, जोडफाइल दोनदा वर चढवायला नको.

केळीबाग_रावेर
आणि याला बॅकअप समजू नका. मोबाइलवरून मेल उडवली की पुढच्या सिंकला लॅपटॉपवरूनही जाते. कायम लागणारी मेल लोकल फोल्डर्समध्ये 'कॉपी टू' करा. 'मूव्ह टू' केलीत तर सर्व्हरवरच्या त्या फोल्डरमधून निघून जाईल.