आठवीच्या वर्गात ब्रिटिश राजवट कशी शिकवावी?

प्रश्न:
सनावळी पाठ होते, परंतु परकीय सत्तेने सामान्य शेतकऱ्याचे जगणे कसे बदलले, हे मुलांपर्यंत पोहोचत नाही. कोणता प्रसंग निवडावा?

प्रतिसाद १:
१८७५चा दख्खनचा उठाव घ्यावा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा इकडच्या कापसाला चढा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, शेतसारा (जमिनीवरचा कर) मात्र रोखीने आणि वाढीव दराने भरावा लागत होता. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. रोष प्रामुख्याने कागदांवरच का निघाला, हे मुलांना अवश्य विचारावे. न्यायालये, दस्तऐवज आणि निरक्षरता यांचा संबंध ती स्वतः शोधतात, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

प्रतिसाद २:
सहमत आहे, मात्र सावकार हाच एकमेव दोषी ठरू नये, कारण रयतवारीतील (शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याच्या पद्धतीतील) साऱ्याची सक्ती सरकारची होती. उठावानंतर १८७९मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, तोही सांगावा.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. कर्जरोख्याचा साधा नमुना मुलांना वाचायला देऊन सुरुवात करते.