टेस्टोस्टेरॉन कमी आलं म्हणून लगेच इंजेक्शन नको

भाऊ, तुम्ही लिहिलं का संध्याकाळच्या टेस्टमध्ये टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं मुख्य हार्मोन) 260 ng/dL आलं, शुगरही बॉर्डरवर, तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करू का. आधी सकाळी उपाशीपोटी दोनदा टेस्ट करा, संध्याकाळी ते कमीच येते. पोटाच्या चरबीतलं अरोमाटेज एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (बायकांमध्ये जास्त असणारं हार्मोन) करते, मग स्नायू कमी, चरबी आणखी जास्त अन् इन्सुलिनही नीट काम नाही करत, असं चक्रच आहे ते. माझ्या भावाचं असंच होतं, रोज सकाळी तर्री पोहे, रात्री सावजी, ते कमी करून ज्वारीची भाकर, वरण, जवसाची चटणी अन् नागपूरच्या अंबाझरी तलावावर रोज चालणं, 9 किलो उतरले नं टेस्टोस्टेरॉनही वर आलं. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच, इंजेक्शननं शुक्राणू कमी होतात.