मदत हवी आहे : पावसाळ्यात गोणीतल्या मिठाची ढेप होते, अस्तर लावावे की नाही?

नमस्कार. पेडणे तालुक्यातील एका मिठागरातून मी दर मे महिन्यात लोणच्यांसाठी, बांगडे खारवण्यासाठी आणि माडांच्या मुळाशी घालण्यासाठी जाडे मीठ आणतो. यंदा दहा गोण्या भर उन्हात भरल्या, आत अस्तर म्हणून प्लास्टिकची पिशवी घालून तोंडे सुतळीने करकचून बांधली आणि चिऱ्यांच्या भिंतीला टेकवून थेट फरशीवर रचल्या. चतुर्थीनंतर पहिली गोणी सोडली, तेव्हा भिंतीकडच्या अंगाला दोन बोटे जाडीचा, सुरीचे टोकही शिरू नये असा थर धरलेला होता. मधले मीठ मुठीत घेताच मोकळे होत होते आणि तळाशी बोटांना चिकटणारे, जिभेला कडू लागणारे पाणी साचले होते.

शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढते आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. पण गोणी बंद असल्यामुळे हे पाणी बाहेरून नव्हे, तर मिठाबरोबरच आत आले असावे, असे मला वाटते. समुद्राच्या पाण्यातून मिठाबरोबर येणारा कडू क्षार, म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड, सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाघळू लागतो, आणि पाण्याचा कडवटपणा पाहता मीठ पुरते निथळण्याआधीच भरले गेले असणार. उबदार भागातली वाफ गार भिंतीकडे सरकून तिथे दाण्यांचा पृष्ठभाग विरघळवते, आणि तो ओलावा पुन्हा सुकला की दाण्यांमध्ये नवे स्फटिक बनून ते एकमेकांना सांधतात. हे जितक्या वेळा घडते, तितकी ढेप घट्ट होते.

अडचण अशी की अस्तर काढले तर कडू पाणी गळून जाईल, पण जुलैची हवा आत शिरेल. अस्तर ठेवले तर हवा अडेल, पण ते पाणी आतच कोंडेल. मिठाच्या संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) पाण्यात मीठ धुऊन, पूर्ण वाळवून, थंड झाल्यावर अस्तराच्या गोणीत भरायचे आणि गोण्या भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवायच्या, असा विचार आहे. गुठळ्या रोखण्यासाठी कारखान्यांत फेरोसायनाइडचे क्षार अत्यल्प प्रमाणात मिसळतात, पण त्याने कडू पाणी निघून जात नाही, म्हणून तो मार्ग मला नको आहे.

घरगुती प्रमाणावर असे मीठ कोणी धुतले आहे का? त्यात मीठ किती घटते, आणि उरलेल्या नऊ गोण्या आताच सोडून निथळत ठेवाव्यात की पाऊस पूर्ण थांबेपर्यंत बांधलेल्याच राहू द्याव्यात?